गोळीवरचा आळ

मूल वर्गात जागेवर बसत नाही, गणित अर्धवट टाकून उठतं, दुसऱ्याचं बोलणं पुरं होऊ देत नाही, म्हणून डॉक्टर एक गोळी सुरू करतात. महिन्या-दोन महिन्यांत तेच मूल नाक ओढायला लागतं, खाकरतं, मधूनच मान झटकतं. घरच्यांना आणखी पुरावा लागत नाही. गोळीनंच केलं! बराच काळ वैद्यकालाही तो लागला नव्हता. लक्षविकाराच्या, म्हणजे एडीएचडीच्या, मुलांना देतात ते मिथाइलफेनिडेट टिक, म्हणजे असे आपोआप होणारे झटके किंवा आवाज, असलेल्या मुलाला देऊ नये, इतकंच काय, घरात कुणाला टुरेट सिंड्रोम, म्हणजे टिकेचाच दीर्घ विकार, असला तरी देऊ नये, असं अमेरिकेत या औषधाच्या माहितीपत्रकात वर्षानुवर्षं छापलेलं असे. अलीकडे ती मनाई जाऊन तिच्या जागी सावधगिरीची सूचना आली आहे. आळ बराचसा पुसला गेला, पण सगळा नाही. किती उरला, यावर डॉक्टरांचंही एकमत होत नाही.

खालचा संवाद मी रचलेला आहे, माणसं कल्पित आहेत. विट्यात जन्मभर जनरल प्रॅक्टिस केलेले मामा आणि पुण्यात मुलांची मनोविकारतज्ज्ञ असलेली त्यांची भाची सई. वाद पेटला तो मामांच्या जुन्या कंपाउंडरच्या नातवावरून. सोहम, वय नऊ, चौथीत. जूनमध्ये शाळेबरोबर गोळी सुरू झाली, ऑगस्टमध्ये त्याची मान उडायला लागली आणि मामांनी गोळी बंद करायला सांगितली. सईला ते पटलेलं नाही.

मामा : हे बघ, मी काही ऐकीव सांगत नाही. मे महिन्यात पोरगं आमच्या अंगणात खेळत होतं. तेव्हा मान सरळ होती. गोळीनंतर उडायला लागली. आमच्या वेळी एवढ्यावर निदान व्हायचं.

सई : गोळीच्या आधी काहीच नव्हतं? डोळे, नाक, घसा?

मामा : डोळे मिचकवायचा मागच्या वर्षी. त्याच्या आईनं मिरजेला नेऊन तपासून आणले. नंबर नाही, काही नाही. ॲलर्जी असेल म्हणून थेंब दिले. महिन्याभरात थांबलं.

सई : थेंबांनी थांबलं?

मामा : थेंब घातल्यावर थांबलं.

सई : म्हणजे डोळे थांबले त्याचं श्रेय थेंबांना आणि मान उडाली त्याचा दोष गोळीला. मामा, ती पहिली टिक होती. टिक अशीच येते. साधारण पाच-सहा वर्षांच्या आसपास डोळ्यांपासून सुरुवात, मग नाक, तोंड, मान, खांदे. काही आठवडे राहते, जाते, दुसऱ्या रूपात परत येते. थेंब घातले नसते तरी महिन्याभरात ती गेली असती.

टिक असलेल्या किती मुलांच्या घरी अशी डोळ्यांच्या थेंबांची एखादी बाटली अर्धवट पडलेली असेल! नाक ओढणाऱ्याला सर्दीची औषधं, खाकरणाऱ्याला खोकल्याची. प्रत्येक औषधानं गुण येतो, कारण टिक स्वतःहून ओसरणारच असते. याच न्यायानं कोणत्याही औषधावर दोषही येऊ शकतो, हे मात्र पटकन लक्षात येत नाही.

मामा : मान्य, टिकेला भरती-ओहोटी असते. पण मग नेमकी गोळीनंतरच भरती कशी आली? योगायोग म्हणशील.

सई : योगायोगसुद्धा नाही, वयाचा हिशोब आहे. टुरेट असलेल्या निम्म्याहून अधिक मुलांना लक्षविकारही असतो. आणि दोन्ही असतील तर बहुतेकदा लक्षविकार आधी दिसतो, टिक एक-दोन वर्षांनी. मूल पहिली-दुसरीत गेलं की शाळेतून तक्रारी येतात, सातव्या-आठव्या वर्षी गोळी सुरू होते. टिक जोर धरते दहा ते बाराच्या सुमाराला. म्हणजे ज्याला गोळी कधीच मिळाली नसती, त्याचीही मान याच वयात उडाली असती. आधी गोळी, मग टिक, हा क्रम औषधानं नाही, वयानं ठरवलेला आहे.

मामा : आणि ऑगस्ट?

सई : ऑगस्टमध्ये काय काय होतं ते तुम्हीच सांगा. घटक चाचणी. गणपतीची तयारी, ढोलाचा सराव, रात्री उशिरापर्यंत जागरण. टिक ताणानं वाढते, थकव्यानं वाढते आणि आनंदाच्या उत्साहानंही वाढते. आपण गोळी सुरू करतो जूनमध्ये, शाळा उघडली म्हणून. मे महिन्याच्या सुट्टीशी तुलना करून जूननंतरच्या टिकेचा दोष गोळीला द्यायचा, तर शाळेला का नाही द्यायचा?

मामा इथे थोडे हसले, पण हटले नाहीत. त्यांचा पुढचा मुद्दा घड्याळाचा नव्हता, मेंदूचा होता, आणि तो टाकाऊ नाही.

मामा : तुमची संख्याशास्त्रं राहू देत. साधा तर्क लाव. टिक कमी करायला आम्ही कोणतं औषध द्यायचो? हॅलोपेरिडॉल. ते डोपामिनचा मार्ग अडवतं. आणि हे मिथाइलफेनिडेट काय करतं? डोपामिन परत शोषलं जाण्याला आडकाठी करतं, म्हणजे ते अधिक वेळ रेंगाळतं. एकानं कमी होतं ते दुसऱ्यानं वाढणारच. १९८२ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात पंधरा मुलांची हकिकत आली होती, अशाच औषधांनंतर टुरेट उफाळल्याची. त्याच्या आधी १९७४ मध्येही एक नोंद होती. आम्ही ती भीती उगाच नाही बाळगली.

सई : ती माणसं खोटं बोलत नव्हती. त्यांनी जे पाहिलं तेच लिहिलं. पण त्यांच्यापुढे फक्त ज्यांची टिक वाढली ती मुलं आली. ज्यांची तशीच राहिली त्यांना कुणी मोठ्या दवाखान्यात नेत नाही, आणि ज्यांची कमी झाली त्यांचे आईबाप डॉक्टरांकडे जाऊन पेढे देतात, लेख कुणी लिहीत नाही. तुलना करायला गोळी न घेणारी मुलं हवीत. ती त्या लेखांत नव्हती.

मामा : आणि तुझ्या त्या २००२ च्या अभ्यासात होती.

सई : होती. टुरेट सिंड्रोम स्टडी ग्रुपचा अभ्यास. सात ते चौदा वर्षांची १३६ मुलं, सगळ्यांना लक्षविकार आणि टिक दोन्ही. चार गट पाडले. एकाला मिथाइलफेनिडेट, एकाला क्लोनिडीन, एकाला दोन्ही, एकाला नुसती खोटी गोळी. सोळा आठवडे. कुणाला काय मिळतंय हे मुलाला, आईला, तपासणाऱ्या डॉक्टरांना माहीत नाही. टिक वाढल्याची तक्रार मिथाइलफेनिडेटच्या गटात २० टक्के, क्लोनिडीनच्या २६ टक्के आणि खोट्या गोळीच्या गटात २२ टक्के.

मामा : खोट्या गोळीनं २२ टक्के.

सई : हो. ज्यात औषधच नाही तिनं. त्या आयांना विचारलं असतं तर त्यांनीही छातीठोक सांगितलं असतं की गोळीनंच केलं.

मला स्वतःला या सगळ्या वादात हा २२ चा आकडा फार मोलाचा वाटतो. टिक काहीही न करता किती हलते, हे त्यात मोजलं गेलं आहे. औषधावर आरोप ठेवायचा तर आधी एवढं वजा करायला हवं. १९७४ पासून जवळजवळ तीन दशकं ते वजा न करता हिशोब मांडला गेला, आणि तेवढ्या काळात किती मुलं वर्गाबाहेर उभी राहिली असतील याची मोजदाद कुणी केलेली नाही. मनाईचंही दुष्परिणामांचं पत्रक असायला हवं होतं.

पण मामांनी तो लेख खरंच वाचला होता. भाचीनं फोनवर पाठवलेला, मुलाकडून छापून घेतलेला, पेन्सिलीच्या खुणांसकट.

मामा : तू पुढची ओळ सांगितली नाहीस. मी सांगतो. ज्यांना एकटं मिथाइलफेनिडेट दिलं त्यांच्यात टिकेमुळे डोस वाढवता आला नाही अशी मुलं ३५ टक्के निघाली. बाकीच्या गटांत त्याच्या जवळपास निम्मी. आता बोल. डॉक्टरलाही माहीत नव्हतं कुणाला काय चाललंय, तरी नेमक्या याच गटात हात आखडता का घेतला?

सई : ते खरं आहे.

मामा : खरं आहे म्हणजे?

सई : म्हणजे काही मुलांमध्ये, विशेषतः डोस वाढवताना, टिक वाढत असणार. मी ते नाकारत नाही. १९९७ मध्ये डेक्स्ट्रोॲम्फेटामिनवर झालेल्या अभ्यासातही मोठ्या डोसला टिक वाढलेली दिसली होती. ती औषधं आपल्याकडे या कामाला वापरत नाहीत, पण अमेरिकेतून सुट्टीला येणाऱ्या आपल्या मंडळींच्या बॅगेत असतात, म्हणून मी नेहमी विचारते. मात्र त्याच २००२ च्या अभ्यासात शेवटी गटाची टिक मोजली, तर मिथाइलफेनिडेट घेणाऱ्यांचीही खोट्या गोळीवाल्यांपेक्षा कमी झालेली होती. सर्वांत जास्त दोन्ही मिळून, मग क्लोनिडीननं, मग मिथाइलफेनिडेटनं.

मामा : गटाची कमी झाली. सोहम गट नाही.

इथे मी मामांच्या बाजूचा आहे. २०१५ मध्ये २२ चाचण्या आणि २,३८५ मुलं एकत्र करून हिशोब झाला. नवी टिक येणं किंवा असलेली वाढणं, हे उत्तेजक औषधं घेणाऱ्यांत ५.७ टक्के आणि खोटी गोळी घेणाऱ्यांत ६.५ टक्के निघालं. आकडे निर्दोषत्वाचेच आहेत. पण त्या चाचण्या बहुतेक काही आठवड्यांच्या होत्या, टिक हा त्यांच्यातल्या अनेकांचा मुख्य विषयही नव्हता. सरासरीत वाढलेले आणि घटलेले एकमेकांना खाऊन टाकतात. शंभरातल्या दोघा-तिघांची टिक खरोखर औषधानं वाढत असेल, तर ती या आकड्यात दिसणारच नाही. सोहम त्या दोघा-तिघांतला आहे की नाही, हे कोणत्याही नियतकालिकात छापलेलं नसतं. ते विट्यातच शोधावं लागतं.

सई : मग शोधू या ना. मिथाइलफेनिडेटमध्ये एक सोय आहे. साध्या गोळीचा परिणाम चार तासांच्या आसपास टिकतो, दुसऱ्या दिवशी अंगात काही उरत नाही. एखादा आठवडा बंद ठेवा, एखादा आठवडा चालू, पुन्हा बंद. टिक गोळीबरोबर चढत-उतरत असेल तर कळेल. एकदा बंद करून टिक कमी झाली, एवढ्यावर काही सिद्ध होत नाही.

मामा : ते आपोआपच झालंय. ही गोळी शेड्यूल एक्सची. विट्यात मिळत नाही. चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात, एक दुकानदार दोन वर्षं ठेवून घेतो. मिरजेच्या दुकानात संपली की याचे वडील पुढच्या फेरीची वाट बघतात. जुलैत बारा-पंधरा दिवस गोळी नव्हतीच.

सई : जुलैत? मग मान कधी उडायला लागली म्हणालात?

मामा : ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात.

सई : आणि गोळी परत कधी मिळाली?

मामा : ते त्याच्या वडिलांना विचारावं लागेल.

सई : विचारा. वडिलांना नाही आठवलं तर दुकानदाराच्या प्रतीवर तारीख असेल. मान आधी उडाली आणि गोळी मागून आली असेल, तर प्रश्नच मिटला. गोळी आधी आली असेल तर तुमचं म्हणणं मी पुन्हा ऐकते.

ज्या कडक नियमानं खेड्यातल्या मुलाची गोळी तुटते, त्याच नियमानं तारखेचा पुरावा जपून ठेवला जातो. नियम करणाऱ्यांच्या मनात असलं काही नसणार.

मामा : आणि संध्याकाळचं काय? त्याची आई सांगते, शाळेतून आला की तासभर नुसती मान. गोळी उतरते तेव्हा टिक उसळते, असं मला वाटतं.

सई : असेल. पण मुलं दिवसभर वर्गात टिक दाबून धरतात, कारण कुणी हसू नये. शिंक नाकात दाबून धरावी तशी ती आत कुरकुरत राहते. घरी आलं, दप्तर टाकलं की सोडून देतात. जी मुलं काहीच औषध घेत नाहीत तीही चार-साडेचारला अशीच घरी येतात. गोळीचा अंमल उतरण्याची वेळ आणि शाळा सुटण्याची वेळ एकच पडते. म्हणून मी आईला सांगते, रविवारी गोळी द्या आणि घरी राहू द्या. मग दुसऱ्या रविवारी गोळी देऊ नका. दोन्ही दिवशी संध्याकाळी, टीव्ही चालू असताना, दहा मिनिटांचा व्हिडिओ काढा. त्याला न सांगता. टिकेवर लक्ष आहे असं कळलं की ती बदलते.

मामा : व्हिडिओ काढायचा आणि मोजायचं?

सई : मोजायचं. किती वेळा मान, किती वेळा घसा. तारीख, गोळी होती की नव्हती, झोप किती झाली, परीक्षा होती का. खरं तर हे गोळी सुरू करायच्या आधी महिनाभर करायला हवं होतं. सुरुवातीची नोंद नसेल तर नंतरच्या सगळ्या चर्चा आठवणींवर चालतात. आणि आईच्या आठवणीत मे महिना नेहमी निवांतच असतो. ओठांची सालं काढणं, नखं खाणं हेसुद्धा वेगळं लिहायला सांगा. ते कधी कधी खरोखर गोळीनं येतं, आणि घरचे त्यालाही टिकच म्हणतात.

इतका वेळ दोघं एकाच प्रश्नावर बोलत होते, गोळीनं टिक वाढते का. माझ्या मते याहून आधीचा प्रश्न राहूनच गेला होता, आणि तो काढला मामांनी, सईनं नव्हे.

मामा : एक सांग, समजा वाढली. तरी तू देशील?

सई : सोहमला त्रास कशाचा आहे, मामा? तुम्हाला मानेचा होतो. आजीला लग्नाकार्यात लाज वाटते. त्याला स्वतःला?

मामा : त्याला मानेचं कळतही नाही बऱ्याचदा. त्याला त्रास म्हणजे... मागच्या वर्षी गच्चीवरून पत्र्यावर उडी मारली, हात मोडला. बाकावरच्या पोराला कंपासपेटी फेकून मारली, डोळा थोडक्यात वाचला. त्यानंतर वर्गातल्या कुणी वाढदिवसाला बोलावलं नाही. वह्या सगळ्या अर्ध्या. जून-जुलैत मात्र पहिल्यांदा वही पुरी केली, ते दाखवायला आला होता माझ्याकडे.

सई : मग तुम्हीच उत्तर दिलंत. टिक आणि लक्षविकार दोन्ही असलेल्या मुलांचं अभ्यासात आणि मित्रांमध्ये जे नुकसान होतं, ते बहुतेक वेळा लक्षविकारानं होतं. टिक दिसते म्हणून डोळ्यांत भरते. बहुतेकांची ती वयात येता येता कमी होते, औषध दिलं किंवा नाही दिलं तरी. चौथी-पाचवीत राहून गेलेलं वाचन मात्र आपोआप भरून येत नाही.

मामा : सगळ्यांचं असं नसतं हां. मी एक मुलगा बघितलाय, मान इतकी जोरात झटकायचा की हाताला मुंग्या यायच्या. त्याला लाज नव्हती, दुखणं होतं.

सई : त्याच्यासाठी हिशोब उलटा. दुखत असेल, इजा होत असेल, वर्गात घशाच्या आवाजामुळे बसू देत नसतील, तर टिकेचा उपचार आधी. पण त्यासाठी लगेच हॅलोपेरिडॉल नको.

मामा : हॅलोपेरिडॉलचं नाव माझ्यापुढे काढू नकोस. रात्री अकराला एक पोरगी आणली होती, मान मागे वळलेली, डोळे वर, जीभ बाहेर. घरचे म्हणाले झपाटलीय, गुरवाकडे नेऊन मग माझ्याकडे आणली. बाहेरगावच्या कुणी टिकेसाठी हॅलोपेरिडॉल दिलेलं. प्रोमेथाझिनचं इंजेक्शन दिलं, अर्ध्या तासात उठून बसली. थोडी मान उडत होती ती बरी म्हणायची वेळ.

यावर दोघांचं जमलं, हे सांगायला नको. आता हॅलोपेरिडॉलच्या जागी बहुतेक ठिकाणी ॲरिपिप्राझोल किंवा रिस्पेरिडोन लिहितात. मान वळण्याचे प्रकार कमी झाले, वजन वाढण्याचे वाढले. टिक कमी करायची सर्वांत ताकदवान औषधं ही, आणि म्हणूनच ती रांगेत शेवटी उभी करायची.

मामा : म्हणून मी म्हणतो, क्लोनिडीन. रक्तदाबाची जुनी गोळी, स्वस्त, विट्यात कुठेही मिळते, दोन प्रतींची भानगड नाही. टिकही उतरते, उड्याही कमी होतात. एका दगडात दोन पक्षी.

सई : दोन्ही पक्षी अर्धेच मरतात. टिकेला बरी आहे, लक्षाला मिथाइलफेनिडेटएवढी नाही. शिवाय झोप आणते. त्याच अभ्यासात अनेक मुलं पेंगत होती. दिवसा पेंगणारं मूल शांत दिसतं, शिक्षक खूश होतात, आणि आपण म्हणतो सुधारला. आणि एक मोठं संकट, ती एकदम बंद करता येत नाही. रक्तदाब उसळतो. ज्या घरात जुलैत पंधरा दिवस गोळी नव्हती, त्या घरात मला क्लोनिडीन देताना भीती वाटते.

मामा : जुलैत गोळी नव्हती कारण ती मिरजेला मिळते. क्लोनिडीन माझ्या समोरच्या दुकानात मिळते. पुण्यात बसून हा फरक दिसत नाही तुला.

सईनं हे ऐकून घेतलं. मला तर वाटतं, या संवादातला मामांचा सर्वांत बिनतोड मुद्दा हाच होता. मार्गदर्शक तत्त्वं लिहिणारे औषधाचा परिणाम तोलतात, औषध मिळण्याचं अंतर तोलत नाहीत. अर्थात अंतराचं कारण पुढे करून कमी प्रभावी औषधावर मुलाची बोळवण करायची का, हा प्रश्न उरतोच.

सई : मग ॲटोमॉक्सेटिन का नाही? त्याला दोन प्रती लागत नाहीत. २००५ मध्ये लक्षविकार आणि टिक दोन्ही असलेल्या १४८ मुलांवर चाचणी झाली, टिक वाढली नाही, झाली तर थोडी कमीच.

मामा : आणि परिणाम दिसायला महिना-दीड महिना. शिवाय मळमळतं, पोरं डबा परत आणतात.

सई : डबा मिथाइलफेनिडेटवालेही परत आणतात.

मामा : ते आणतातच. सोहमचं वजन मी दर महिन्याला घेतो.

सई : बघा, हे तुम्ही करता म्हणूनच तो मुलगा नशीबवान आहे. एक अजून राहिलं. टिकेला औषधाशिवायही उपचार आहे. टिक येण्याआधी आत जी कुरकुर होते ती मुलाला ओळखायला शिकवायची, आणि मान उडणार असं वाटलं की हनुवटी किंचित खाली घेऊन मानेचे स्नायू हळू ताणून धरायचे, ती लाट जाईपर्यंत. २०१० मध्ये १२६ मुलांवर तपासलंय. दहा आठवड्यांत निम्म्याहून जास्त मुलांना स्पष्ट फरक पडला, तुलनेच्या गटात पाचातल्या एकालाही जेमतेम.

मामा : ही कुरकुर ओळखायला लक्ष लागतं. सोहमचं लक्ष कुठाय?

सई : म्हणूनच आधी लक्षाची गोळी. गोळी घेऊन बसला तर सराव तरी करेल. टिकेला घाबरून आपण जे औषध थांबवतो, त्याच औषधाच्या आधारानं कधी कधी टिकेचा सराव जमतो.

मामा : शिकवणारं कोण आहे इकडे?

सई : मी व्हिडिओवर शिकवते. आई शेजारी बसली तर होतं. आणि शाळेला एक पत्र तुम्ही लिहा. तुमच्या लेटरहेडवर. हे नाटक नाही, मान हलवू नकोस म्हणून ओरडू नका, ओरडल्यानं वाढते, असं स्पष्ट. माझ्या पत्राला ते पुण्याची बाई म्हणतील.

मामा : लिहितो. गोळी?

सई : जूनमधल्याच डोसवर परत सुरू. वाढवायची नाही. चार रविवार, दोन गोळीसह, दोन बिनगोळीचे. नोंदी तुम्ही ठेवा, मला दाखवू नका आधी. गोळीच्या दिवशी मान स्पष्ट जास्त निघाली, तर मीच बंद करते.

मामा : आणि सारखीच निघाली पण दिवाळीनंतरही अशीच उडत राहिली, तर मी रात्री क्लोनिडीनची पाव गोळी जोडणार. तुझ्या त्या अभ्यासातही लक्षाला सर्वांत चांगला गुण दोन्ही एकत्र दिलेल्यांनाच आला होता. तेही मी वाचलंय.

सई : जोडा. आधी नाडी आणि बीपी बघा, आणि समोरच्या दुकानदाराला सांगून ठेवा, साठा संपू द्यायचा नाही.

मामा : बीपी बघायला मला शिकवू नकोस.